चंद्रीची कंबर

आमचे सासरे, आबा, माणूस भेटला की आधी त्याच्या पायांकडे बघायचे. मला बघायला आले तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. बाकीचे सगळे माझा चेहरा निरखत होते आणि आबा फरशीकडे बघत बसले होते. निघताना माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरीची चाल सरळ हाय. आमाला पसंत." घोडी विकत घेतानाही ते असंच करतात हे मला लग्नानंतर कळलं. राग आला नाही, हसूच आलं.

माणूस मायाळू होता. लग्नानंतर मी शाळेतली नोकरी सोडावी असं सासूबाईंच्या मनात होतं. आबा जेवताना एवढंच म्हणाले, "शिकल्याली हाय, तिला चुलीला बांधू नगा." विषय तिथंच मिटला. घरात त्यांचा शब्द असा चालायचा, आणि गावातही. भांडणात दोन्ही बाजू त्यांच्याकडे यायच्या. "मी एकदा बोललो की बोललो," असं ते म्हणायचे आणि लोक माना डोलवायचे.

त्यांचा जीव चंद्रीवर. कपाळावर पांढरा ठिपका असलेली तांबूस घोडी. बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे पळायची. आमचा गोठा कालव्याच्या कडेला, तिथंच बैल, गाई आणि चंद्री शेजारी शेजारी बांधलेली. संध्याकाळी डासांचा नुसता थवा. तिला नाल मारायला बाबूभाई यायचे. स्टँडमागे त्यांची पत्र्याची टपरी होती. आबांचे ते तरुणपणापासूनचे दोस्त. नाल मारून झाली की दोघं गोठ्यातच चहा प्यायचे आणि शर्यतींच्या गप्पा रंगायच्या.

एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास बाबूभाई नाल मारून गेले आणि चार-दोन दिवसांत चंद्री मागचे पाय ओढायला लागली. चालताना खूर जमिनीवर घासायचा. आबांनी बघितलं आणि ठरवलं, नालेचा खिळा चुकून मांसात गेला. बाबूभाईंना त्यांनी घरी बोलावलं नाही. पारावर माणसं बसलेली असताना गाठलं आणि म्हणाले, "बाबू, तू माझी घोडी मारली."

बाबूभाई सरळ गोठ्यात आले. मागच्या दोन्ही पायांची नाल त्यांनी उपसून काढली. खूर धुतले, आबांच्या पुढे धरले. रक्त नाही, पू नाही. "बघा आबा, कुटं लागलंय?"

"आता बघून काय उपेग," आबा म्हणाले.

पुढं गावानं आपली भर घातली. कुणी म्हणालं, दुसऱ्या गाडेवाल्यानं बाबूला फितवलं. कुणी म्हणालं, खिळ्याला काहीतरी लावलं होतं. आबांनी यातलं काही म्हटलं नाही, पण कुणाला अडवलंही नाही. बाबूभाईंकडे घोडी न्यायची लोकांनी बंद केली, मग बैलही.

तेल झालं, शेक झाला. चंद्रीचं मागचं अंग दारू प्यायल्यासारखं झुलायला लागलं तेव्हा नगरहून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी चालत्या चंद्रीची शेपटी एका बाजूला ओढली. ती कोलमडलीच.

"हे पायाचं दुखणं नाही, कण्याचं आहे," त्या म्हणाल्या. "बैलांच्या पोटात दोऱ्यासारखा एक जंत असतो. बैलाला त्याचा काही त्रास नसतो. डास बैलाला चावतो, मग घोडीला चावतो, आणि जंताचं पिल्लू घोडीच्या अंगात जातं. तिथं त्याला जागा सापडत नाही. ते भटकत मज्जारज्जूत शिरतं. घोड्यांत क्वचितच दिसतं. जुने लोक कमरी म्हणतात."

आबांनी बैलांकडे बघितलं. म्हणाले, "म्हंजी नालीचं काई न्हाई?"

"नालेचा काय संबंध?"

मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी होते. मला वाटलं, आता हे उठतील आणि टपरीकडे जातील. आबा म्हणाले, "ताई, गावात हे बोलू नगा."

औषधानं जंत मेला असेल, पण कंबर परत आली नाही. चंद्री बसली ती उठलीच नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच इंजेक्शन दिलं. आबा तिचं डोकं मांडीवर घेऊन लहान मुलासारखे रडले. भेटायला येणारे म्हणायचे, "बाबूनं लई वंगाळ केलं." आबा डोळे पुसत ऐकून घ्यायचे.

मी एकदा म्हटलं, "आबा, बाबूभाईंना भेटून या ना."

"सूनबाई, बोलल्यालं मागं घेतलं तर उद्या मला कोन इचारील?"

मग मीच गेले. सगळं सांगितलं. बाबूभाई हत्यारं पोत्यात भरत होते. नगरला मुलाकडे निघाले होते. म्हणाले, "तुमी सांगितलं, बरं वाटलं. पन ताई, त्यांनी पारावर म्हटलं व्हतं. पारावरच म्हनायला पायजे."

दोन पावसाळ्यांनी आबा झोपेतच गेले. प्रवरेच्या घाटावर दहाव्याला गर्दी मावत नव्हती. माईकवर एकेक जण येऊन सांगत होता, आबा कसे शब्दाचे पक्के, कुणावर कधी अन्याय केला नाही. मागं, गर्दीच्या कडेला, टोपी हातात धरून बाबूभाई उभे होते. माझ्या पुढची बाई दुसरीला म्हणाली, "ह्यानंच घोडी मारली न्हवं? तोंड घेऊन आला बघ."

मी उठले. बायकांतून वाट काढत पुढं जाईपर्यंत पिंडाला कावळा शिवला होता. मी माईक मागून घेतला. म्हटलं, "चंद्री जंतानं मेली. बाबूभाईंनी काही केलं नव्हतं. आबांना हे माहीत होतं."

नवऱ्यानं माझ्या हातातून माईक काढून घेतला. पुढचे कित्येक महिने तो माझ्याशी बोलला नाही. सासूबाई तर अजून बोलत नाहीत.

माईक हातातून गेला तेव्हा मी गर्दीच्या कडेला बघितलं होतं. कावळा शिवल्याबरोबर, मी बोलायच्या आधीच, बाबूभाई नगरच्या गाडीसाठी निघून गेले होते.