आधी पोचलेली पेटी

समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारतात. तिकडे खाल्लंत काय, आणि येताना आणलंत काय? पहिल्या प्रश्नाला सगळेच खोटं बोलतात. दुसऱ्याचे मात्र किस्से होतात, आणि माझ्या दवाखान्याच्या ओट्यावर ते इतके साठलेत की कुठून सुरुवात करावी कळत नाही.

रविवार कारंजापाशी माझं बाळंतपणाचं हॉस्पिटल. हॉस्पिटल म्हणजे सहा खाटा. दर रविवारी सकाळी ओट्यावर चहाला आम्ही विलायतेहून परतलेले जमायचो. लंडनहून आलेले बॅरिस्टर बापूसाहेब, लीड्सहून कापड रंगवायचं शिकून आलेले यासीनभाई आणि डब्लिनला डॉक्टरकी शिकलेली मी. अडतीस सालच्या उन्हाळ्यात चौथ्याचं पत्र आलं.

वामन आमचा नाशिकचाच. व्हिएन्नाला डोळ्यांचा डॉक्टर झाला, तिथेच एल्साशी लग्न केलं. एल्सा ज्यू. जर्मन फौज व्हिएन्नात शिरल्यापासून ज्यूंना तिथे जगणं मुश्कील झालं होतं. वामनने लिहिलं होतं, "आम्ही तिघं कायमचे नाशिकला येतोय. मी, एल्सा आणि तिची आई. एल्साला माझ्यामुळे यायला अडचण नाही. आईसाठी मात्र तिकडच्या कुणीतरी हमी द्यावी लागेल. आणि सामानात काय काय आणावं ते सविस्तर कळवा. इथे भीतीने डोकं चालत नाही."

आम्ही लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पण यादी लिहायला घेतली की प्रत्येकाला स्वतःचीच पेटी आठवायची.

*

बापूसाहेबांनी येताना सरकारने बंदी घातलेलं एक पुस्तक आणलं होतं. पकडले गेले असते तर सनद गेली असती. म्हणून त्यांनी ते बायबलच्या पुठ्ठ्यात बांधून घेतलं. मुंबईच्या धक्क्यावर म्हाताऱ्या गोऱ्या अंमलदाराने पेटी उघडली आणि वरच बायबल! त्याला केवढा आनंद. म्हणाला, "थोडं वाचून दाखवा."

बापूसाहेबांनी पुस्तक उघडलं. समोरच्या पानावर सरकार कसं उलथावं ते छापलेलं. बापूसाहेब सांगायचे, "पेटीला धरून उभा राहिलो. मग डोळे मिटले आणि गीतेचा अकरावा अध्याय इंग्रजीतून म्हणायला लागलो."

अंमलदाराने टोपी काढली. सगळं ऐकून विचारलं, "हा कुठला भाग?"

"शेवटाकडचा," बापूसाहेब म्हणाले, आणि पेटी सुटली.

त्यामुळे वामनला काय कळवायचं, तर पुस्तकं आणू नकोस. हे बापूसाहेबांचं मत.

*

यासीनभाईंची भीती निराळी. तिकडच्या रंगांच्या पुड्या त्यांना आणायच्या होत्या आणि पेटी चोरीला जाईल ही धास्ती. म्हणून पुड्या ओव्हरकोटाच्या अस्तरात शिवल्या आणि कोट अंगात घातला. बोट मुंबईला लागली ती ऐन मे महिन्यात. कोट काही उतरवला नाही. मुंबई ते नाशिक रोड गाडीत घामाच्या धारा.

मला त्यांच्या घरून टांगा आला. त्यांची अम्मी ऊर बडवत होती, "बाई, माझा पोरगा गेला हो." मी आत जाऊन बघते तर माणूस मानेपासून गुडघ्यापर्यंत निळाशार. आम्हा डॉक्टरांना निळा पेशंट म्हणजे काय ते माहीत असतं. मी पिशवी टाकून मनगट धरलं. नाडी बघितली तर घोड्यासारखी दमदार.

यासीनभाई हळूच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, अम्मीला सांगा घाबरू नको म्हणून. रंग पक्का आहे, उन्हातसुद्धा जात नाही."

महिनाभर गेला नाही.

*

आता माझं सांगते, म्हणजे मी दुसऱ्यांनाच हसते असं नको व्हायला. डब्लिनला जाताना आईने भातासाठी पितळी पातेलं दिलं होतं. "दुसऱ्याच्या हातचं खाऊ नकोस," एवढी एकच अट. पहिल्या महिन्यापासून मी घरमालकिणीच्या हातचं सगळं खात होते. सगळं म्हणजे सगळं. परतायची वेळ आली तेव्हा पातेलं नवंकोरं. परीक्षेला मी इतकी घाबरले नव्हते.

मग मी ते पाणी भरून घरमालकिणीच्या कोळशावर दुपारभर धरलं. बूड काळंकुट्ट होईपर्यंत. पेटीत सगळ्यात वर ठेवलं, उघडल्याबरोबर दिसावं म्हणून.

आईने पातेलं उचललं, खालून बघितलं, वरून बघितलं, मग आत बघितलं. म्हणाली, "तीन वर्षांत कल्हई जराही उडाली नाही गं? आमची तर तीन महिन्यांत जाते."

एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही. पण तेव्हापासून मी आईशी खोटं बोलायच्या फंदात पडले नाही.

*

वामनच्या यादीवर आमची रविवारमागून रविवार भांडणं झाली. मच्छरदाणी इथे मिळते, आणू नका. डोळे तपासायच्या भिंगांची पेटी जरूर आणा. पायात मजबूत बूट हवेत. पियानो आणू का, असं एल्साने विचारलं होतं. त्यावर बापूसाहेब म्हणाले, "आणू दे. वाळवीलाही कधीतरी विलायती खायला मिळू दे."

वामनचं पुढचं पत्र आलं त्यात पियानोचं नाव नव्हतं. त्याच्या पुढच्यात भिंगं नव्हती. सामान बांधताना तिकडचा अंमलदार घरात उभा राहतो, चमचासुद्धा यादीत नसेल तर बाजूला काढतो, असं त्याने लिहिलं होतं. ते वाचल्यावर आमची भांडणं आपोआप थांबली.

एल्साच्या आईचा मात्र प्रत्येक पत्रात खाली एखादा प्रश्न असे. नाशिकला दूध चांगलं मिळतं का? बायकांची डॉक्टर जवळ राहते का? मी उत्तर लिहायची, "मीच आहे. हाकेच्या अंतरावर." मला म्हातारीचं फार कौतुक वाटायचं. या वयात परक्या मुलखात यायला निघाली आणि किती बारकाईने विचारतेय.

*

हमीपत्रावर सही करायचा दिवस आला. ही बाई सरकारवर भार होणार नाही, तिचा सांभाळ आम्ही करू, असा मजकूर. सरकारी कागद म्हटला की तेव्हा भल्याभल्यांना घाम फुटे. उद्या कुणाच्या चौकशीत नाव येईल सांगता यायचं नाही. बापूसाहेबांनी तो कागद चार वेळा वाचला. यासीनभाईंनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि सही ठोकली. मग मी केली. मग बापूसाहेबांनी.

आठवड्याभरात चौकशीला सायखेड्याकडचा एक हवालदार आला. ओट्यावर आम्ही तिघं गुन्हेगारासारखे बसलेले. त्याने वही उघडली.

"बाई, ती म्हातारी हितं यिऊन करनार काय?"

"लेकीजवळ राहील," मी म्हटलं.

"आनि?"

"आणि काय? राहील."

"मंग लिवतो, हरकत नाय," असं म्हणून त्याने चहा घेतला. तो गेल्यावर बापूसाहेबांनी हमीपत्राची नक्कल पाचव्यांदा वाचली.

*

दिवाळीच्या आत वामन आणि एल्सा नाशिक रोडला उतरले. दोघंच. आईचा परवानगीचा कागद अजून हातात पडला नव्हता, ती पुढच्या बोटीने येणार होती. तिने स्वतः भरून मोहोरबंद करून घेतलेली पेटी मात्र यांच्या सामानात मंजूर झाली होती, म्हणून ती सोबत आली.

आमच्यात एक रीत होती. कुणी परतला की सगळ्यांनी जमायचं आणि पेट्या आमच्यासमोर उघडायच्या. वामनची उघडली. एल्साची उघडली, त्यात अंमलदाराने काढून काढून फारसं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. तिसरीला यासीनभाईंनी हात घातला, तेव्हा एल्साने हळूच झाकणावर तळवा ठेवला. ती जर्मनमधून काही म्हणाली, ते वामनने मराठीत सांगितलं, "आई आल्यावर ती स्वतः उघडेल."

आम्ही वामनच्या घरात आईची खोली तयार केली आणि पेटी तिथे ठेवली. यासीनभाईंनी निळी दुलई रंगवून आणली. एल्सा रोज पेटीवरची धूळ पुसायची आणि मराठी शिकायची. तिचं मराठी सुधारत गेलं आणि चेहरा उतरत गेला. आईचं पत्र दर पंधरवड्याला येई. मी बरी आहे, कागद अजून आला नाही. मला त्या पत्रांची भीती वाटायला लागली. पोस्टमन दिसला की मी पेशंटच्या खोलीत शिरत असे.

पुढच्या उन्हाळ्यात बापूसाहेबांनी मुंबईच्या कचेरीला खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं, परवानगी पाच महिन्यांपूर्वीच पाठवली असून ती त्या बाईंना पोचल्याची पावतीही आली आहे. आम्ही कचेरीला शिव्या घातल्या. दुसऱ्याच कुणाची पावती यांच्या फायलीत लागली असणार, असं बापूसाहेबांनी छातीठोकपणे सांगितलं. वामनने पुन्हा पत्र पाठवलं. म्हातारीचं उत्तर आलं, मी बरी आहे, कागद अजून आला नाही.

श्रावणात त्या खोलीच्या भिंतीला वाळवी लागली. मी एल्साला म्हटलं, "आता उघडायलाच हवी गं. नाहीतर आईच्या हाती चिंध्या येतील." एल्साला तेव्हा पाचवा महिना होता. ती बराच वेळ किल्ली हातात धरून बसली. मग तिने पेटी उघडली.

वर एक लोकरीचा कोट होता. एल्सा म्हणाली, "हा माझा. मी तिथेच ठेवून आले होते." त्याच्याखाली तिचे झगे. तिचे बूट, दोन जोड. तिची शाळेतली पुस्तकं. त्याच्याखाली विणलेली बाळाची झबली, आधी अगदी लहान, मग वर्षाच्या मुलाला होतील अशी, मग दोन वर्षांच्या, मग तीन.

सगळ्यात खाली कागद अंथरलेला होता. मी तो उचलला. खाली पेटीचं लाकूड.

"बाई," एल्सा म्हणाली, "आईचे कपडे कुठे आहेत?"

मला मुंबईच्या कचेरीची ती पावती आठवली. मी वामनकडे बघितलं. वामन खिडकीकडे तोंड करून उभा होता. एल्साने पेटी आडवी करून आत हात फिरवला. मग खाली बसली आणि पहिल्यापासून एकेक कपडा उलगडून बघायला लागली.