माटवीतलं मधलं तवसं

१९८३ साल. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत झालेली, पण तवशांच्या बाबतीत मला शिकवील असा माणूस मसुऱ्याच्या आसपास कोणी नव्हता, हे आधीच लिहून ठेवतो. तवसं म्हणजे आमची पावसाळी काकडी, हातभर लांब आणि मांडीएवढी जाड.

चतुर्थीला आमच्या भावकीचा गणपती एकच, थोरल्या घरात. त्याच्या डोक्यावर माटवी टांगतात, म्हणजे लाकडी चौकट, आणि तिला रानातली, परसातली फळं बांधतात. कुठल्या घरानं काय आणायचं ते ठरलेलं. मधोमध तवसं, आणि ते आमच्या घराचं. ज्या घराचं चुकलं त्याचा मान शेजारच्या घराकडे जातो, तो कायमचा. आमच्या शेजारी माझा चुलतभाऊ.

त्या वर्षी बोटीवर काम करणाऱ्या मेहुण्यानं परदेशी काकडीच्या बियांचं पाकीट आणून दिलं. वर चित्र होतं. हिरवं फळ, कलिंगडासारखे पट्टे, माझ्या तळव्याएवढं. मी विचार केला, कागदावर बैल काढला तर तोही तळव्यात मावतो. मग हे फळ केवढं असेल. घरचं बी पेरायचंच नाही असं ठरवलं.

"चार आपले बिये टाकून ठेवा," बायको म्हणाली.

"परसात राजा एकच ऱ्हवतलो," मी म्हटलं.

वेलाला मांडव घातला तो माणग्याच्या जाड बांबूंचा. चुलतभावानं कुंपणावरून पाहिलं. "हेच्यार काय हत्ती चढवतलंस?"

"चढवीन. तू बघीत ऱ्हव."

वेल झकास पसरला. फळं धरली, द्राक्षाएवढी, पट्टे मात्र चित्रातलेच. मी प्रत्येकाला सुंभाची झोळी बांधली, वजनानं देठ तुटायला नको म्हणून. पंधरवडा गेला. फळं पिकून झोळीच्या भोकांतून खाली पडायला लागली.

"तुमच्या तवशांची वाढ कधीच झाली," बायको म्हणाली. "आता म्हातारपणान मरतत ती."

"गप ऱ्हव. परदेशी माल आसा, तेका वेळ लागता."

वेळ संपला. माटवी बांधायच्या दिवशी मी त्यातलं सगळ्यांत मोठं तोडलं. अंगठ्याच्या पेराएवढं भरलं. चित्र लहान करून नव्हे, मोठं करून छापलेलं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ते मी कोणाला सांगितलं नाही.

"खिशात घालतास काय?" बायकोनं विचारलं.

तवसं टोपल्यातून डोक्यावर न्यायची आमची रीत. मी भाताचं मोठं टोपलं घेतलं, मधे फळ ठेवलं आणि निघालो. वाटभर ते डोक्यावर गडगडत होतं. चढावर आवाज थांबला, तेव्हा टोपलं उतरवून आहे का ते पाहून घेतलं.

थोरल्या घरी चुलतभाऊ हातभर तवसं तान्ह्या पोरासारखं मांडीवर घेऊन बसलेला. मी टोपलं ठेवलं, सगळे वाकले.

"तवसा खंय आसा?" चुलतभाऊ म्हणाला.

"ता काय."

"ह्या तर तोंडल्याचा पोर."

"काकडीच्या पाकिटातला आसा. पट्टे बघ."

"चाखून बघूया मगे."

"देवाच्या आधी चाखतलंस? उष्टा करतलंस?"

शेवटचा शब्द थोरल्या काकीचा. ती ऐंशीच्या पुढची. काकडीचं टोक कापून त्याच फोडीनं घासलं की पांढरा फेस येतो, कडूपणा निघतो. तिनं तोच निवाडा धरला. "आता बांधा. माटवी उतरली की मी घासून बघतलंय. फेस इलो तर तवसा. नाय तर ह्येच्या घराचो मान गेलो."

पाच दिवस आरतीला येणारा प्रत्येक जण मान वर करून शोधायचा. मी दाखवायचो, "सुपारीच्या पेंडीकडे बघ, सुंभाच्या गाठीखाली." गाठ फळापेक्षा मोठी होती. रात्री मला झोप लागत नव्हती. माझ्या बापानं, त्याच्या बापानं बांधलेली मधली जागा एका पाकिटापायी माझ्या हातून जाणार होती.

विसर्जन झालं, माटवी उतरली. काकीनं विळी पुढे ओढली, टोक कापलं. टोकाबरोबर अर्धं फळ गेलं. उरलेल्या अर्ध्यावर ती डोळे मिटून नेटानं घासत राहिली. मग तिचं बोट बोटावर घासायला लागलं, तेव्हा कळलं की तवसं संपलं.

"फेस खंय?" चुलतभावानं विचारलं.

"तवसा खंय?" काकी म्हणाली. तिनं बोटांचा वास घेतला, बराच वेळ घेतला. "वास काकडीचो आसा. फेसाचा माका सांगूक येणा नाय. यंदा मान ऱ्हवलो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढच्या वर्षी माका दिसात असा घेवन ये. फेस नाय इलो तर तुझो मान गेलो म्हणान समज."

जिंकलो मीच. भावकीत कोणालाही विचारा, म्हणजे चुलतभावाला सोडून.

घरचं न पेरलेलं बी तोवर किडून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोटाभर बारकी फळं घेऊन मी चुलतभावाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात गेलो. "परदेशी बी आसा, कोणाक देणंय नाय, तुका म्हणान घेवन इलंय," असं म्हणून लोटा त्याच्यापुढे ठेवला, आणि त्याच्या वेलावरचं एक पिवळं पडलेलं, बी धरलेलं तवसं न विचारता तोडून घरी आलो.