पेटीतले जाहीरनामे
वडील गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली आणि वेखंडाचा वास आला. ज्या पक्षाचं त्यांनी जन्मभर काम केलं, त्याचे लोकसभेचे सगळे जाहीरनामे त्यांनी त्या पेटीत जपले होते. एकदा आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी त्याच पक्षाची प्रचारसभा होती. पुढारी नवा जाहीरनामा वाचत असताना वडील उठले आणि सोबत आणलेल्या जुन्या जाहीरनाम्यांतली पानं वाचू लागले. तेच पाणी, तोच रस्ता, दर निवडणुकीला नव्यानं दिलेला. "मास्तरांनाच तिकीट द्या राव!" कुणीतरी ओरडलं, माणसं खदखदून हसली. पुढारीही हसला. संध्याकाळी आम्ही दोघं उसाच्या कडेनं घरी निघालो, तेव्हा त्याची गाडी शेजारी थांबली. काच खाली झाली. "मास्तर, बिबट्या लई झालाय," तो मायेनं म्हणाला, "एकटं फिरत जाऊ नका." "एकटा कुठंय? लेक हाय की संगं," वडील म्हणाले. त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "तेच म्हनतोय." गाडी गेली तरी वडील तिथंच उभे होते, माझा हात घट्ट धरून. त्यानंतर ते सभेत कधी बोलले नाहीत. बिबट्या मात्र त्या वर्षी आमच्या शिवारात कुणालाच दिसला नाही. आज यंदाचा जाहीरनामा पेटीत ठेवण्याआधी मी दाराला कडी लावून घेतली.