दादाच्या फॉर्ममधला एक रकाना

रविवार. वर्षभर इथे काही लिहिलं नाही, कुणाचे फोनही धड उचलले नाहीत. माफ करा.

माझ्या भावाच्या अंगठ्याच्या ठशाच्या वर मी खोटं लिहून दिलंय.

आज दादाला जाऊन वर्ष झालं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. पन्नाशीही गाठली नाही त्याने.

लासूर स्टेशनजवळच्या झेडपी शाळेत मास्तर होता. जनगणनेची ड्युटी लागली की घरी येऊन चिडायचा. "लोक वय खोटं सांगतात, घरात माणसं किती तेही खोटं सांगतात. मग मोजायचं तरी कशाला?"

आजारपणात शहरातले तीन दवाखाने झाले. प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून तेच प्रश्न, तेच रक्त, तोच स्कॅन. एकाची फाइल दुसरा उघडून बघेना.

दादा वैतागायचा. "मी तोच, आतडं तेच. ह्यांनी एकमेकांना विचारलं तर जीभ झिजती का ह्यांची?"

म्हणून रिसर्चच्या मॅडम फॉर्म घेऊन आल्या तेव्हा तो खूश झाला. रुग्णांची नावं काढून टाकायची, बाकी माहिती एकत्र करायची, बऱ्याच हॉस्पिटलांनी मिळून अभ्यास करायचा.

"न्या की मॅडम. सगळं न्या!"

त्याच्या उजव्या हाताला सलाईन. फॉर्म मी भरला.

रकाना आला: कुटुंबात हा आजार आणखी कुणाला?

आजोबांना होता. काकांना होता. दोघंही असेच लवकर गेले.

वहिनी कानाशी आली. "ताई, नाय म्हणून लिवा. पूजाला बघायला यायलेत. बाहेर कळलं तर कोण करील पोरीला?"

नाव काढून टाकणार, हे मॅडमनी दोन मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं. तरी मी ‘नाही’ लिहिलं. एम.ए. झालेल्या मी.

"दादा, वाचून दाखवू का?"

"तू भरलास ना? मग कशाला."

डाव्या हाताचा अंगठा उठवला आणि हसला. "बघ, मास्तर अंगठेबहाद्दर झाला."

परवा मॅडमचा फोन आला. "नावांची यादी फक्त माझ्याकडे आहे, म्हणून फोन केला. सरांची माहिती फार मोलाची आहे. घरात कुणालाच नसताना इतक्या लवकर आजार झालेले रुग्ण आम्ही वेगळे काढतोय. सगळी हॉस्पिटलं मिळून."

मी म्हणाले, "हो का."

हो का! एवढंच सुचलं मला.

वर्षभर मी दवाखान्यांना शिव्या घातल्या. ते सोपं होतं.

आज जेवणं झाल्यावर वहिनीला सगळं सांगितलं.

"आता माणूसच नाय, ताई. कागदाचं काय घेऊन बसलात?"

पूजा दारात उभी होती.

"आत्या, म्हणजे मलाबी दुर्बिणीनं तपासून घ्यावं लागंल?"

वहिनी ताटं उचलायला लागली.

"लागंल ना? मग वर्षभर तोंड शिवून का बसलात? स्थळाला काय सांगायचं ते माझं मी बघते. तुम्ही आधी पप्पांचा कागद नीट करा."

हुबेहूब दादाचं चिडणं.

दादा, तू न वाचता अंगठा दिलास. तो कागद तुझ्यासारखा खरा होईपर्यंत मी तुला फुलं वाहत नाही. आज फक्त आठवण.

उद्या: सकाळी दहाला मॅडमना फोन. ‘नाही’ खोडून ‘हो’. आजोबा आणि काका, दोघंही.