दिवसाची जाळी

अंटार्क्टिकच्या जहाजावर जायची मी चार वर्षं वाट पाहिली. गेली मात्र ती, पुण्याहून आलेली, माझ्याहून बरीच लहान पोस्टडॉक. सिंगापूरला परतल्यावर लॅबभर बर्फाचे फोटो दाखवत फिरायची. माझं पित्त खवळायचं.

तिचं काम क्रिल मोजण्याचं. क्रिल म्हणजे कोळंबीसारखा बोटभर जीव. जहाजावरच्या सोनार यंत्राचा आवाज पाण्यातल्या थव्यावर आपटून परत येतो. एका क्रिलचा प्रतिध्वनी केवढा हे ठाऊक असेल, तर थव्यात किती आहेत ते निघतं. त्यासाठी जाळ्यात आलेल्या क्रिलची लांबी मोजायची.

करार वाढला की नवऱ्याला आणि मुलीला इकडे आणायचं, असं तिचं ठरलं होतं. इथेच तोआ पायोह भागात फ्लॅटही बघून ठेवला होता. लॅबच्या प्रमुख सरांपुढे आकडे मांडायच्या आठवडाभर आधी कँटीनमध्ये तिने फाइल माझ्यापुढे ठेवली.

"ताई, एकदा नजर टाक ना. सर तुझ्याच शब्दावर चालतात. तू ठीक म्हणालीस की करार झालाच."

दुसऱ्याच पानावर मला दिसलं. लांबी सगळी दिवसाच्या जाळ्यांतली. उजेडात मोठे क्रिल जाळं बघून पळतात, लहान तेवढे सापडतात. लहान क्रिलचा प्रतिध्वनीही लहान; हिने लहानांचाच हिशोब धरला, त्यामुळे संख्या भलतीच फुगली होती. रात्रीच्या जाळ्यांची मापं तिच्याकडे होती. दोन दिवसांत सगळं दुरुस्त झालं असतं. मी कोपी, म्हणजे इथली कॉफी, संपवली आणि म्हणाले, "छान झालंय गं."

मीटिंगमध्ये मीच हात वर केला. ही जाळी कोणत्या वेळची, असं अगदी गोड आवाजात विचारलं. "दिवसाची," ती म्हणाली. सरांनी पेन खाली ठेवलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

करार वाढला नाही. शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली.

"ताई, तुला कधी कळलं होतं?"

"कँटीनमध्येच," मी म्हणाले. आता लपवून काय मिळणार होतं?

ती रडेल, भांडेल असं वाटलं होतं.

"त्याच दुपारी मी घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने राजीनामा दिला. मुलीचं नाव शाळेतून काढलं. तिने वर्गात सगळ्यांना चॉकलेटं वाटली, ताई."