धवल्यातली मोकळी जागा

आधीच सांगतो, इथे लोक भुताखेताचे अनुभव लिहितात, त्यातले अर्धे मला थापा वाटतात. पांढरी साडी, उलटे पाय, वळणावर लिफ्ट मागणारी बाई... अहो, आमच्या उरणच्या रस्त्याला रात्रंदिवस ट्रेलर चालतात, एकाही ड्रायव्हरला ती बाई कशी भेटत नाही? जन्मभर फिटरचं काम केलंय मी. आवाज आला म्हणजे कुठंतरी काहीतरी ढिलं आहे, एवढंच मला कळतं. पण हा एक आवाज असा आहे की त्याचं काय करावं तेच सुचत नाही, म्हणून लिहितोय.

माझा मोठा भाऊ, दादा, तरुणपणी गाणी लिहायचा. आम्ही आगरी. आमच्याकडे लग्नाच्या प्रत्येक विधीला धवला गातात, आणि तो गाणारी धवलारीण आल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. आमची आईच धवलारीण होती. दादाने काय करावं? आईच्या चालींवर स्वतःचे शब्द बसवले, जोडीला इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि मुंबईला जाऊन एक एलपी काढली! केस खांद्यापर्यंत, पँटीने रस्ता झाडला जायचा. आई म्हणाली, "येडा झायलाय माजा पोर." ढोलकी मी वाजवली. म्हणजे त्या स्टुडिओत मी स्वतः हजर होतो, हे ध्यानात ठेवा.

त्यातलं मुख्य गाणं म्हणजे एक धवलाच. धवल्यात एके ठिकाणी नवरीचं नाव घ्यावं लागतं. आईने दादाला बजावलं होतं, "लगीन नसताना कुनाचा नाव घ्यायचा न्हाय. धवल्यात नाव घेतला म्हंजे पोर दिली." म्हणून दादाने ती जागा मोकळी ठेवली. तो "नवरी आमची" म्हणतो, थांबतो, मग नुसती माझी ढोलकी, आणि पुढची ओळ.

आणि गंमत बघा, गाणं चाललं ते त्या मोकळ्या जागेमुळेच. आमच्या पट्ट्यात हळदीला ते लागायचंच. आधी रेकॉर्डवर, मग कॅसेटवर, आता पेनड्राइव्हवर. ती जागा आली की अख्खा मांडव नवरीचं नाव घेऊन ओरडतो.

दादाला एकच मुलगी, जाई. रेकॉर्डनंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. लहानपणी दुसऱ्यांच्या हळदीत ती त्या जागेवर स्वतःचंच नाव ओरडायची, आणि आई तिच्या पाठीत धपाटा घालायची, "गप गं, उतावले!" पुढे जाईचं लग्न ठरलं तेव्हा दादाने सगळ्या आळीला दम भरला. "माजे पोरीचे हलदीला कुनी ओरडायचा न्हाय. नाव मी घेनार."

हळदीच्या आदल्या दिवशी जाई स्कूटीवरून उरणला बांगड्या आणायला गेली. येताना ट्रेलरने उडवलं. मांडव उतरवायला मीच उभा होतो, दुसरं कोण होतं?

तेव्हापासून दादाचं गाणं बंद. दुसऱ्या गावातून तो धवला ऐकू आला, तरी ती जागा यायच्या आत तो उठून आत जायचा. वहिनी एकदाच मला म्हणाली, "भावजी, पोर दिली पन न्हाय नि राह्यली पन न्हाय. मधीच लटकली." आम्हा सगळ्यांना तेच खात होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मुंबईहून एक बाई आल्या. जुन्या रेकॉर्डी जमवतात. दादाला भेटायचं होतं, सही हवी होती. एलपी त्यांनीच आणली होती, आमच्याकडे एकही उरलेली नाही. सोबत छोटासा प्लेअर. जाईबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, आणि घरात तिचा फोटोही नाही, वहिनीला बघवत नाही म्हणून. "लावू का?" त्यांनी विचारलं. दादा नको म्हणाला. तेवढ्यात वहिनी दारात येऊन म्हणाली, "लावा बाई. मना ऐकायचा हाय."

भर दुपार. सुई टेकली, खरखर झाली, गिटार आली. माझी बोटं आपोआप गुडघ्यावर चालायला लागली. ती जागा आली. दादा उठला नाही... मान खाली घालून बसून राहिला. ढोलकी सुरू झाली, आणि त्या ढोलकीवर, दादाच्या तरुणपणीच्या भरदार आवाजात, लांबवर ओढून —

"जाऽऽई."

पुढची ओळ सुरूही झाली. म्हटलं, म्हातारपण! कान वाजले असतील. तर त्या बाई हसून म्हणाल्या, "अय्या, इथे नाव आहे? माझ्या कधी लक्षातच नाही आलं. जाई कोण हो?"

वहिनी आत गेली, मूठभर तांदूळ घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर अक्षतांसारखे उधळले. दादा असा रडला, असा रडला... पाठवणीला बाप रडतो ना, तसा.

मी म्हटलं, "परत लावा, परत लावा ते!" बाईंनी हात पुढे केला. दादाने तो अलगद धरला. "नको, बाय. पोरीचा धवला येकदाच."

त्या बाईंनी नंतर घरी शंभरदा लावून पाहिली. मलाही रेकॉर्डिंग पाठवलं. मी हेडफोन घालून ऐकलं. नुसती ढोलकी आहे, माझीच. आवाज कुठून आला, कसा आला, विचारून विचारून थकलो. काहीतरी ढिलं आहे म्हणावं, तर ते माझ्या पान्याला सापडत नाही.

परवा शेजारी नवीन बिऱ्हाड आलं. त्यातल्या मुलीने वहिनीला सहज विचारलं, "काकू, मुलंबाळं?" वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "येक पोर हाय. दिली."

"कुठे दिली?"

ओटीवरून दादा म्हणाला, "लांब दिलीय, बाय. येनं व्हत न्हाय तिचा."