बोलणाऱ्या प्रोग्रामची जागा

बाबा गेल्यानंतरही त्यांचा कॉम्प्युटर आमच्या घरात बोलत होता.

शाळेतून निवृत्त होऊन थोडीच वर्षं झाली होती, तोच काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. रोजचा पेपर वाचल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. मी गडचिरोलीला कॉलेजात शिकवते, आणि आमचं गाव मार्कंड्याच्या देवळांच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये. एकदा सुटीत घरी आले तेव्हा मी त्यांच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम टाकून दिला. पडद्यावर जे असेल ते तो मोठ्यानं वाचतो. आवाज मशीनचाच, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

पहिल्या दिवशी बाबा ऐकून हसले. "हा पुण्याचा मास्तर कुठून धरून आणला वं तू?"

त्या प्रोग्राममध्ये एखाद्या शब्दाचा उच्चार बदलून ठेवायची सोय असते. बाबांनी ती शिकून घेतली आणि कीबोर्ड चाचपत त्या मास्तरला आपली बोली शिकवली. 'मला'चं 'मले' झालं, 'नाही'चं 'नाई'. मग मंत्र्यांची भाषणंसुद्धा आमच्या घरात झाडीबोलीत वाचली जायची आणि आई चुलीपाशी बसून पदर तोंडाला लावून हसायची.

बाबा झोपेतच गेले. पाहुणे परतल्यावर मी तो प्रोग्राम बंद करायला बसले, तर आईनं हात धरला. "राहू दे. बोलते तर बोलू दे."

पुढे मला शेजारच्या काकूंकडून कळलं की आई रोज दुपारी कॉम्प्युटर सुरू करते. तिला बटण दाबण्यापलीकडे काही येत नव्हतं. सुरू झाल्यावर तो काही शब्द बोले आणि गप्प होई. पण मधेच कसलीतरी सूचना पडद्यावर आली, की आतल्या खोलीतून आपोआप आवाज येई. मी घरी असताना एका दुपारी तसाच तो आला. मी दचकले. तांदूळ निवडत बसलेली आई मात्र सहज, सवयीनं उठली आणि बाबा ऐकायला बसले की ठेवायची तसं तिनं चहाचं भांडं चुलीवर ठेवलं. मग भांड्याकडे बघत तशीच उभी राहिली. तिनं भांडं उतरवलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

गेल्या उन्हाळ्यात परीक्षेचे गुण भरायचं काम घेऊन मी गावी आले. माझा लॅपटॉप बिघडला होता, म्हणून बाबांच्या कॉम्प्युटरवर बसले. पण तो पावलापावलाला अडायचा. डिस्कवर जागा उरली नाही, असं पडद्यावर यायचं आणि तेही तो मोठ्यानं सांगायचा. कोणत्या प्रोग्रामनं किती जागा अडवली आहे ते बघावं, म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन सगळे प्रोग्राम आकाराप्रमाणे लावले. सगळ्यात वर मीच कधीतरी टाकलेला एक गेम. त्याखाली केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर. मी एकेका नावावर जाई, तसा तो आवाज नाव आणि आकार वाचून दाखवी, शांतपणे, हजेरी घेतल्यासारखा.

शेवटी तो स्वतःच्या नावावर आला. नाव वाचलं आणि थांबला. त्याच्यापुढे आकाराची जागा कोरी होती.

काही प्रोग्रामांचा आकार तिथे दिसत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी त्याचा फोल्डर शोधला, उजवं बटण दाबून त्याची माहिती उघडली. आकडा हलत हलत वर चढला आणि शे-दीडशे एमबीवर थांबला. गेमपुढे काहीच नाही. हा बोलणारा प्रोग्राम काढून फारशी जागा होणार नव्हती. पण आई भांडं चुलीवर ठेवून उभी राहिली होती, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. मी काढण्याच्या बटणावर क्लिक केलं.

पडद्यावर प्रश्न आला आणि त्यानंच तो वाचला. "हा प्रोग्राम काढून टाकायचा का? होय. नाई."

'नाई'. अगदी बाबा म्हणायचे तसं. माझा हात माऊसवरच राहिला.

आई दारात येऊन उभी होती. "काय म्हणून राह्यला तो?"

"त्याले काढू का, असं विचारते. मी नाही काढत, आई. दुसरं काही काढते."

ती आत आली, बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"काढ," ती म्हणाली.

"अगं, तूच म्हणाली होतीस ना राहू दे म्हणून?"

"म्हटलं होतं. मंग मी त्याच्यासंग बोलाले लागली. धानाचं वावर कोणाले बटईनं, अर्ध्या वाट्यानं द्याचं, तुहं तिकडं कसं चाललं, सगळं विचारते मी त्याले. तो आपलंच बोलते अन् चूप होते. तुह्या बाबानं मले उत्तर देल्याबिगर कधी ठेवलं नाई. भांडले, पण बोलले. हा तो नाई, बाई. काढून टाक."

मी 'होय' दाबलं. आवाज एका शब्दाच्या मधेच तुटला. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत शेवटाला गेली आणि तो प्रोग्राम तिथून दिसेनासा झाला. आई पंख्याखाली बसली. मग मी गेम काढला, प्रिंटरचं सॉफ्टवेअर काढलं आणि संध्याकाळपर्यंत गुण भरून संपवले.

सुटी संपल्यावर मी एसटीनं गडचिरोलीला परतले. काही दिवसांनी आईचा फोन आला. आज दुपारी गाढ झोप लागली म्हणाली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

"बरं झालं," मी म्हटलं.

"हो ना. उठल्यावर आतमधून कोणी हाक मारल्यासारखं वाटलं. मी 'आली' म्हटलं, अन् उठून गेली पाहाले."


"मग?"

"मंग काय. खिडकी उघडी होती. लावून घेतली."